परवाना

परवाना माझ्या नावे होता.
मार्च आला की हे कागद आणायचे,
जिथं सही हवी तिथं पेन्सिलीनं बारीक फुली,
आणि मी हाताचं पीठ पदराला पुसून
सौ. सुप्रभा जयपाल मगदूम
असं शाळेतल्यासारखं रेघेवर लिहायची.
पिठाचा एक ठसा राहायचाच.
पुढं सरकारी वकिलानं तोही दाखवला.

उचगाव फाट्याला गुलाबी दिव्यांची पाटी: मूनलाइट.
आत काय चालतं ते मला
धुवायला पडलेल्या शर्टांच्या वासावरून ठाऊक.
आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत.
सहाच्या आत मी ताट घासून पालथं घालायची,
साडेसहाला हे अत्तर लावून बाहेर.
वीस वर्षं संसाराची शिफ्ट
त्या एका मावळतीवर बदलत राहिली.

तीन धाडी, तीन गुन्हे.
तिन्ही रात्री मी शुक्रवार पेठेत
उद्याचे मूग भिजत घालत होते.
पण ह्यांना नगरसेवक व्हायचं होतं,
नाव कोरं राहायला हवं होतं,
आणि माझं नाव
कुणाला कशाला लागणार होतं?

कलम छप्पन्न. प्रांतसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं,
बहुतेक त्यांना दुसरीच कुणी बाई अपेक्षित होती.
कोल्हापूर, सांगली, दोन वर्षं.
सोबतची पोलीस पोरगी माझ्या माहेराकडची निघाली.
दूधगंगेचा पूल ओलांडल्यावर म्हणाली,
"उतरा मावशी. इथनं पुढं तुम्ही मोकळ्या."
पिशवीत दोन साड्या, जपमाळ,
आणि चुकून आलेली घराची किल्ली.

निपाणीत मावसबहिणीची माडी.
गावभर तंबाखूच्या वखारी,
पहिले आठ दिवस मी शिंकतच जप केला.
कोल्हापूरच्या गाड्या खिडकीखालनं जायच्या,
मी पाट्या वाचायची.
चाळीस किलोमीटर.
लोक अमेरिकेला जातात, फोटो पाठवतात.
माझ्या परदेशात रेडिओ सांगलीचाच लागायचा.

आई गेली तेव्हा अर्ज केला.
परवानगी आली, एका दिवसाची,
अकराव्या दिवशी.
तो कागद मी डाळीच्या डब्याखाली अंथरला.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या अलीकडं,
एक बाई जिना चढून आली.
"मी कावेरी. मूनलाइटला गायची."
माझं नाव तिनं चार वर्षं रोज वाचलं होतं,
काउंटरमागं काचेत लावलेलं.
"वाटायचं, कोण असंल ही?
एकदा तरी येऊन बघून जाईल."
मी काय बोलणार.
तीन महिन्यांचे पैसे बुडाले होते,
आवाज बसला होता,
धारवाडला बहिणीकडं चालली होती.
वाटेत उतरली, का ते तिलाही नीट सांगता येईना.
तिनं पिशवीतनं भडंगाचा पुडा काढला.
बाहेर दिवे लागून गेले होते.
पाहुणी एकटी खाईना.
मी मूठभर घेतलं.
लसूण होता. तिखट होतं.
डोळ्यांतनं पाणी आलं ते तिखटाचंच,
निदान पहिल्या मुठीचं तरी.
ती गायली नाही, मीही गा म्हटलं नाही.
खालनं एक ट्रक गेला, बेळगावकडं.

तेवढ्यात ह्यांचा फोन.
आवाजात तेच मार्चमधलं गोड:
वॉर्ड महिलांसाठी राखीव निघालाय.
आदेश आठवड्यात रद्द करून घेतो, वकील बोललाय.
तुझा फोटो छापायला दिलाय, हात जोडलेला.
फॉर्म भरून तयार आहे,
तू फक्त ये,
फुली मारून ठेवलीय.

माझी बोटं तेलकट होती.
कावेरी पुडा पुढं सरकवत होती.
मी म्हटलं, "अहो, अंधार पडलाय.
आमच्यात आता काही घेत नाहीत."